आतलं बाहेर काढणारं कडं: आधी पडद्यावर, मग पुठ्ठ्यात

कागदाचे सहा चतुष्फलक (चार त्रिकोणी पृष्ठांचे ठोकळे) कडेला कड लावून गोलाकार जोडले की एक कडं तयार होतं. ते हातात धरून मधे दाबत राहिलं की मधलं तोंड मिटतं, उघडतं, आतली बाजू बाहेर येते, बाहेरची आत जाते, आणि हे कितीही वेळ चालू राहतं. याला कॅलिडोसायकल म्हणतात. अरविंद गुप्तांच्या खेळण्यांमधला, दुमडला की लपलेली पृष्ठं दाखवणारा फ्लेक्सॅगॉन ज्यांनी केला असेल, त्यांना याची ओढ का लागते ते सांगायला नको. फरक इतकाच की फ्लेक्सॅगॉन सपाट असतो आणि हे जाडीचं, चहूबाजूंनी बघायचं शिल्प आहे.

माझा धंदा बुकबाइंडिंगचा. वर्षभर रजिस्टरं आणि प्रबंध, गणपतीच्या आधी मखरं आणि मंडळांच्या हलत्या देखाव्यांची किडुकमिडुक कामं. त्यातूनच ही कडी करायला लागलो. लहान कडं कागदाचं असेल तर संगणकाची काहीही गरज नाही. घडण, म्हणजे कापून दुमडायचा सपाट आराखडा, छापा, कापा, चिकटवा. पण तेच कडं फूट-दीड फुटाचं, पुठ्ठ्याचं किंवा लाकडाचं करायचं म्हटलं की आधी पडद्यावर फिरवून बघणं स्वस्त पडतं. ते कसं, एवढंच इथे सांगतो. कुठलंही एक सॉफ्टवेअर हे सगळं करत नाही, त्यामुळे चार-पाच वापरावी लागतात. बहुतेक फुकट आहेत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. घड्यांची नक्कल करणारी बरीचशी सॉफ्टवेअरं मऊ असतात. दांडी (म्हणजे ताठ धरलेली कड) थोडी ताणली जाते, कागद थोडा वाकतो, आणि पडद्यावर सगळं छान फिरतं. म्हणून ‘फिरतंय का’ हा प्रश्नच विचारू नका. ‘काहीही न ताणता फिरतंय का’ असं विचारा.

आधी बोटांवर हिशेब

कड्यात सहा बिजागऱ्या, प्रत्येकीला दोन टोकं, म्हणजे १२ बिंदू. प्रत्येक बिंदूला तीन दिशा, म्हणजे ३६ आकडे. आता दांड्या मोजा: सहा बिजागऱ्या स्वतः सहा, आणि प्रत्येक चतुष्फलकात दोन बिजागऱ्यांना जोडणाऱ्या चार कडा, म्हणजे २४. एकूण ३०. संपूर्ण वस्तू उचलून इकडेतिकडे ठेवण्याचे सहा प्रकार वजा करा. ३६ − ३० − ६ = ०.

जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६४ साली सांगाड्यांसाठी मांडलेला हा हिशेब आहे, आणि तो म्हणतो की हे कडं हलणार नाही. पण ते हलतं. कारण हिशेब फक्त संख्या बघतो, मापांमधली सममिती त्याला दिसत नाही. रॉल ब्रिकार यांनी १८९७ मध्ये असे अष्टफलक शोधले जे नियमाने ताठ असायला हवे होते पण हलत होते. फक्त त्यांची पृष्ठं एकमेकांच्या आरपार जात, म्हणून कागदात करता येत नव्हते. आरपार न जाणारा, खरोखर हलणारा बंद बहुफलक रॉबर्ट कॉनेली यांनी १९७७ मध्ये दिला, आणि नंतर क्लाउस स्टेफन यांनी १४ त्रिकोणांचा, ९ शिरोबिंदूंचा सुटसुटीत नमुना काढला. तो जरूर करून बघा, पण प्रदर्शनात ठेवायला नको. हालचाल इतकी थोडी की बघणाऱ्याला दाखवून द्यावी लागते. आपलं कडं मात्र ब्रिकार यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहा बिजागऱ्यांच्या साखळ्यांच्या घराण्यातलं आहे, आणि ते पूर्ण उलटतं.

आठ चतुष्फलकांचं कडं केलं तर बिंदू १६, दांड्या ४०, आणि ४८ − ४० − ६ = २. ते हिशेबानेच हलतं. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

जिओजेब्रा: कडं सूत्रावर फिरवणं

सुरुवात जिओजेब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरनेच करा, कारण इथे काहीच मऊ नाही. बिंदू सूत्रावर चालतात; सूत्र बरोबर असेल तर लांबी बदलूच शकत नाही.

माप धरू: त्रिकोणाचा पाया ६० मिमी, उंचीही ६० मिमी, समद्विभुज. पाया म्हणजे बिजागरी. पाया आणि उंची समान ठेवली की बंद होताना सहा टोकं बरोबर मध्यावर भेटतात. उरलेल्या दोन बाजू ६७.०८ मिमी येतात. एका चतुष्फलकातल्या दोन बिजागऱ्या एकमेकींना काटकोनात असतात आणि त्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर ५१.९६ मिमी.

कड्याच्या मधोमध उभा अक्ष कल्पा. त्याच्याभोवती ६०-६० अंशांवर सहा उभी प्रतलं, प्रत्येक प्रतलात एक बिजागरी. एकाआड एक तीन बिजागऱ्या एका प्रकारे वागतात, उरलेल्या तीन दुसऱ्या प्रकारे. पहिल्या गटाच्या बिजागरीचा आडव्याशी होणारा कोन ‘अ’ हाच आपला स्लायडर, ० ते ३६० अंश. मग:

क = √(१ + ३ × साइन²अ)

पहिल्या गटातल्या बिजागरीचा मध्य: अक्षापासून ३० × क, उंची ०

दुसऱ्या गटातल्या बिजागरीचा मध्य: अक्षापासून ६० ÷ क, उंची ४५ × साइन(२अ) ÷ क

पहिल्या गटाची दिशा: बाहेरच्या बाजूला कॉस अ, वर साइन अ

दुसऱ्या गटाची दिशा: बाहेरच्या बाजूला २ × साइन अ ÷ क, वर −कॉस अ ÷ क

मध्यापासून त्या त्या दिशेने ३० मिमी पुढे आणि ३० मिमी मागे गेलं की बिजागरीची दोन टोकं मिळतात. जिओजेब्रात पहिल्या गटाची एक बिजागरी शून्य अंशाच्या प्रतलात आणि दुसऱ्या गटाची एक ६० अंशाच्या प्रतलात बांधा, आणि दोघींना उभ्या अक्षाभोवती १२० व २४० अंशांनी फिरवून उरलेल्या चार मिळवा. सूत्रं हाताने टंकताना चिन्हं चुकतात, म्हणून लगेच पडताळा: शेजारच्या दोन बिजागऱ्यांच्या टोकांमधली चारही अंतरं मोजायला लावा आणि स्लायडर ओढा. चारही आकडे ६७.०८ वर ढिम्म राहिले पाहिजेत. दशांशातला अंक जरी हलला तरी कुठेतरी चूक आहे.

एक गंमत बघितलीत का? पहिल्या गटाचं अंतर ३०क, दुसऱ्याचं ६०÷क. गुणाकार कायम १८००. एक गट बाहेर सरकतो त्या प्रमाणात दुसरा आत येतो. प्रत्येक बिजागरीचा मध्य ३० ते ६० मिमीच्या पट्ट्यातच राहतो. कडं किती जागेत फिरणार, कशावर टांगायचं, काचेच्या पेटीत मावेल का, हे सगळं इथेच कळतं.

अ = ०, ९०, १८०, २७० या चार ठिकाणी मधलं तोंड मिटतं. प्रत्येक वेळी वरून सहा त्रिकोण दिसतात, चार स्थिती मिळून चोवीसच्या चोवीस. रंग किंवा चित्र द्यायचं असेल तर या चार स्थितींत स्लायडर थांबवून समोर आलेले सहा-सहा त्रिकोण रंगवून घ्या. घडण सपाट पसरलेली असताना हे डोक्यात करायला जाऊ नका.

आता पहिल्या गटातली एक बिजागरी नीट बघा. तिच्या दोन्ही बाजूंच्या चतुष्फलकांमधला कोन अ = ० ला १८० अंश असतो, अ = ९० ला ६० वर येतो, पुन्हा १८० ला जातो आणि अ = २७० ला ३०० वर. म्हणजे कडं एकाच दिशेने उलटत असलं तरी कुठलीही बिजागरी पूर्ण फेरी घेत नाही. ती ६० आणि ३०० च्या मधे झुलते. ६० अंशाला शेजारची दोन पृष्ठं एकमेकांवर अगदी सपाट टेकतात, कारण बिजागरीपाशी प्रत्येक चतुष्फलकाचा कोन नेमका ६० अंश आहे. हे लक्षात ठेवा. मोटर आणि पुठ्ठ्याची जाडी, दोन्हींचं भांडण इथेच आहे.

घडण आणि ओरिगामी सिम्युलेटर

घडण इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये काढा. डॉक्युमेंटचं एकक मिलिमीटर करून घ्या. ६० मिमी अंतरावर सात उभ्या रेघा. पहिल्या रेघेवर खुणा ०, ६०, १२० वर. दुसरीवर ३०, ९०, १५० वर. तिसरीवर पुन्हा ०, ६०, १२०. असं आलटून पालटून. शेजारच्या रेघांवरच्या खुणा तिरक्या रेघांनी जोडल्या की प्रत्येक उभ्या पट्टीत चार त्रिकोण येतात, आणि एक पट्टी म्हणजे एक चतुष्फलक. सगळं मिळून ३६० × १५० मिमी, म्हणजे ए-थ्री कागदावर चिकटवायच्या पट्ट्यांसकट आरामात.

ही फाईल आता ओरिगामी सिम्युलेटरमध्ये टाका. अमांडा घसाई यांनी केलेलं हे साधन ब्राउझरमध्येच चालतं, काही बसवावं लागत नाही. ते रेघेच्या रंगावरून घडी ओळखतं: शुद्ध लाल म्हणजे उंचवट्याची घडी, शुद्ध निळा म्हणजे खोलगट, काळा म्हणजे बाहेरची कड, हिरवा म्हणजे काप, आणि मॅजेंटा म्हणजे मोकळी बिजागरी, जिला आपण जोर लावत नाही. रेघेची ओपॅसिटी म्हणजे घडीचा शेवटचा कोन: १०० टक्क्यांना १८० अंश, ५० टक्क्यांना ९०.

तिरक्या सगळ्या रेघा लाल. चतुष्फलकाच्या या कडांवर आतला कोन ७५.५ अंश असतो, म्हणजे सपाट कागद १०४.५ अंश वळवायचा, म्हणजे ओपॅसिटी ५८ टक्के. उभ्या रेघा मॅजेंटा, कारण तिथला कोन हालचालीबरोबर बदलणार आहे. चिकटवायच्या पट्ट्या या फाईलमध्ये ठेवू नका, आणि एकावर एक बसलेल्या दुहेरी रेघा काढून टाका.

घडीचा स्लायडर पूर्ण नेला की सहाही पट्ट्या गुंडाळून चतुष्फलक होतात. मग ताण दाखवणारा रंग सुरू करा. मधे कुठे लालसर छटा आली तरी चालेल, पूर्ण घडीला सगळं निळं हवं. तसं झालं नाही तर बहुतेक वेळा ओपॅसिटी चुकलेली असते किंवा एखादी खुणेची जागा हललेली.

पण या साधनाला डिंक माहीत नाही. कागदाच्या दोन कडा एकमेकींना चिकटवून साखळी बंद करणं त्याला जमत नाही. कडा जवळ येतात आणि तशाच राहतात. शिवाय पृष्ठं एकमेकांच्या आरपार गेली तरी ते थांबवत नाही. त्यामुळे घडण बरोबर आहे का, एवढंच त्याला विचारा. कडं उलटेल का हे विचारू नका, ते खोटं बोलणार नाही पण खरंही सांगू शकणार नाही.

तोमोहिरो ताची यांचं फ्रीफॉर्म ओरिगामी हे विंडोजवरचं फुकट साधन याहून कडक आहे. मिउरा-ओरीसारख्या पसरट घड्यांचं, भिंतीवरचं हलतं शिल्प करायचं असेल तर ते घ्या. कड्यासाठी नाही.

पायथन: चूक मुद्दाम घालून बघणं

हा भाग बरेच जण सोडून देतात आणि मग लाकूड वाया घालवतात. माझी भाची इंजिनिअरिंगला आहे, तिने मला पायथन ही संगणकाची भाषा आणि तिच्यातलं नम्पाय हे गणिताचं साधन वापरायला शिकवलं. पन्नासेक ओळींत काम होतं.

जिओजेब्रातली सूत्रं पायथनमध्ये लिहून १२ बिंदू काढा. मग ३० ओळी आणि ३६ रकान्यांचं एक कोष्टक बनवा. प्रत्येक ओळ एका दांडीची: दांडीच्या पहिल्या टोकाच्या तीन रकान्यांत दोन टोकांमधला फरक, दुसऱ्या टोकाच्या रकान्यांत तोच फरक उलट चिन्हाने, बाकी शून्य. या कोष्टकाच्या सिंग्युलर व्हॅल्यू (किती ओळी खरंच स्वतंत्र आहेत ते सांगणारे आकडे) काढायला सांगा. ३० आकडे येतील. त्यातले २९ व्यवस्थित मोठे, आणि शेवटचा शून्य, म्हणजे संगणकी शून्य: दशांशचिन्हानंतर शून्यांची रांग.

त्या एका शून्यात दोन बातम्या आहेत. चांगली बातमी: एक हालचाल मोकळी आहे, कडं उलटणार. दुसरी बातमी: ३० दांड्यांपैकी एक जास्तीची आहे. म्हणजे २९ लांब्या तुम्ही ठरवल्या की तिसावी आपोआप ठरते, आणि तुम्ही कापलेली तिसावी त्याहून अर्धा मिलिमीटर वेगळी असेल तर त्या अर्ध्या मिलिमीटरला जायला जागाच नाही. कागदात तो वाकण्यात जिरतो. पुठ्ठ्यात कापडी सांध्यात जिरतो. अॅक्रिलिक आणि पितळी बिजागरीत जिरत नाही, कडं एका जागी अडतं आणि जोर लावला की सर्वात कमकुवत सांधा सुटतो.

म्हणून लांब्यांमध्ये मुद्दाम चूक घाला. प्रत्येक दांडीला तुमच्या हत्याराच्या अचूकतेएवढा यादृच्छिक फरक द्या. माझ्या हाताने कटरने कापताना मी ०.३ मिमी धरतो, लेझर कटिंगला ०.१. मग सायपाय या पायथनच्याच दुसऱ्या साधनातल्या लीस्ट स्क्वेअर्स फंक्शनला सांगा की १२ बिंदू असे बसव, की सगळ्या दांड्यांची ओढाताण कमीत कमी होईल. कड्याला पुढे ढकलण्यासाठी एक जास्तीची अट घाला: शेजारच्या दोन चतुष्फलकांमधलं एखादं अंतर, जे मूळ अचूक कड्यात त्या कोनाला असतं. कोन पाच-पाच अंशांनी पुढे नेत चला आणि दर पायरीला सर्वात जास्त ताणलेली दांडी किती टक्के ताणली ते लिहून ठेवा. त्या आकड्यांचा आलेख काढला की कडं कुठे घट्ट होणार ते आधीच कळतं. असे वीस-तीस वेगवेगळे यादृच्छिक संच चालवा. एका संचावर विश्वास नको.

हीच चाचणी आठच्या कड्यावर लावा. तिथे ताण येतच नाही, कारण जास्तीची दांडी नाही. चूक दुसऱ्या हालचालीत निघून जाते. म्हणून माझा सरळ नियम: कागद आणि पुठ्ठ्यात सहा, लाकूड-धातूत आठ. आठचं कडं थोडं लुळं वाटतं, हातात घेतलं की कुठल्याही बाजूला लोळतं. सहाच्या कड्याचा तो नेमका झटका त्यात नाही. पण ते अडत नाही.

दोन्ही हवं असेल तर तिसरी वाट आहे. जपानमधल्या ओकिनावा इन्स्टिट्यूटमधल्या योहानेस शोंके आणि एलियट फ्रीड यांनी २०१९ मध्ये मोबियस कॅलिडोसायकल मांडले. सात किंवा त्याहून जास्त तुकडे, बिजागऱ्या काटकोनाऐवजी एका विशिष्ट कोनात, आणि तुकडे कितीही असले तरी मोकळी हालचाल एकच. दिसायला अप्रतिम. पण तिथेही गणिती हिशेब आणि प्रत्यक्ष हालचाल यांचं नातं नाजूकच आहे, त्यामुळे वरची चाचणी चुकवू नका.

कॅंगारू आणि ब्लेंडर

ऱ्हायनो हे त्रिमितीय रेखाटनाचं सॉफ्टवेअर विकतचं आहे, पण ९० दिवस पूर्ण क्षमतेने वापरून बघता येतं. त्यातल्या ग्रासहॉपरमध्ये डॅनियल पायकर यांचं कॅंगारू येतं. बिंदू आणि रेषा द्यायच्या, प्रत्येक रेषेला ‘ही लांबी राख’ असं उद्दिष्ट द्यायचं, आणि सॉल्व्हर सुरू करायचा. कड्यासाठी ३० रेषांना लांबीचं उद्दिष्ट पुरतं. प्रत्येक चतुष्फलक सहा दांड्यांनी आपोआप ताठ होतो. ग्रॅब हे उद्दिष्ट जोडलं की उंदराने एक टोक धरून कडं ओढता येतं. ग्राहकाला दाखवायला याच्यासारखं दुसरं काही नाही. मंडळाचे कार्यकर्ते आकडे बघत नाहीत, पडद्यावरचं कडं स्वतः ओढलं की लगेच हो म्हणतात.

इथला सापळा आधी सांगितलेलाच. कॅंगारू उद्दिष्टांमध्ये तडजोड करतं. लांबीच्या उद्दिष्टाची ताकद कमी ठेवली तर चुकीच्या मापांचं कडंही सुरेख फिरतं. म्हणून ताकद भरपूर वाढवा, आणि मूळ लांबी व चालू लांबी यांतला फरक शेजारी आकड्यात दाखवत ठेवा. ग्रॅबने जोरात ओढतानाही हा फरक वाढतो, तेव्हा सोडून दिल्यावरचा आकडा बघा. आठच्या कड्यासाठी, आणि ज्यांना सूत्र नाही अशा वेड्यावाकड्या मापांसाठी, कॅंगारू हेच सर्वात सोयीचं.

ब्लेंडर या त्रिमितीय चलच्चित्रांच्या सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. त्यातल्या रिजिड बॉडी (ताठ वस्तू) आणि हिंज (बिजागरी) या सोयी वापरून बंद साखळी बांधायला जाऊ नका. कडं थरथरतं, सांधे हळूहळू सुटतात. त्यापेक्षा पायथनमधून काढलेल्या स्थिती कीफ्रेम म्हणून घाला आणि ब्लेंडरला फक्त प्रकाश, सावली, कापडाचा पोत यांसाठी ठेवा. त्याचं पेपर मॉडेल एक्सपोर्ट करणारं जोडसाधन मात्र इतर आकारांची घडण काढायला फार चांगलं आहे.

पडद्यावरून पुठ्ठ्यात

पडद्यावर पृष्ठाला जाडी नसते. पुठ्ठ्याला असते, आणि तिचा हिशेब करावाच लागतो.

लाकडाचे किंवा जाड प्लायचे त्रिकोण करवतीने तिरके कापून जोडायचा विचार असेल तर आधी कोन बघा. बिजागरीच्या कडेला कोन ६० अंश, म्हणजे प्रत्येक फळीची कड ३० अंशांपर्यंत तासायची. पातं उभ्यापासून ६० अंश कलवावं लागेल. नेहमीच्या टेबल करवतीचं पातं ४५ च्या पुढे कलत नाही. म्हणून मी फळ्या तिरक्या कापतच नाही, वहीच्या पुठ्ठ्यासारखं करतो: बाहेरून अखंड बाइंडिंगचं कापड, आतून २ मिमी पुठ्ठ्याचे सुटे त्रिकोण, मधे सांध्याची फट.

फट किती? पुठ्ठा आतल्या बाजूला आहे, त्यामुळे घडी झाली की आतले कोपरे एकमेकांवर येतात. प्रत्येक त्रिकोण घडीच्या रेघेपासून मागे घ्यायचा: जाडी भागिले टॅन(अर्धा कोन). बिजागरीच्या रेघेला अर्धा कोन ३०, म्हणजे २ मिमी पुठ्ठ्याला ३.५ मिमी. तिरक्या रेघेला अर्धा कोन ३७.७५, म्हणजे २.६ मिमी. मी अनुक्रमे ४ आणि ३ घेतो. इंकस्केपमध्ये मूळ घडणीला समांतर रेघा टाकून हे आतले त्रिकोण वेगळ्या लेयरवर काढा. चोवीसही एकसारखे असतात, त्यामुळे एकच नीट काढला की झालं.

कापडाचीही जाडी आहे. अ = ९० ला शेजारची पृष्ठं अगदी टेकतात आणि टोकं मध्यावर भेटतात, तिथे कापडाचे दोन पदर अडकतात आणि कडं पुढे जात नाही. उपाय सोपा: पाया ६० ठेवून उंची ६२ करा. मग बिजागऱ्यांच्या मध्यातलं अंतर ५४.२६ होतं, बंद स्थितीत मधे १.३ मिमी त्रिज्येचं भोक राहतं, आणि शेजारच्या पृष्ठांमध्ये दोन अंशांची फट. चारपट मोठं कडं केलं तर भोक पाच मिमीचं, लांबून दिसतही नाही. जिओजेब्रातली सूत्रं तशीच राहतात. फक्त ३०क, ६०÷क आणि ४५ हे तीन आकडे ५४.२६ ÷ ५१.९६ ने गुणायचे. बिजागरीची अर्धी लांबी ३० च, आणि पडताळ्याची बाजू ६७.०८ ऐवजी ६८.८८.

कापड घेताना ताणून बघा. आडव्या-उभ्या दोन्ही धाग्यांना ताण न घेणारं हवं. रेक्झिन नको, थंडीत कडक होतं आणि घडीवर तडकतं. उभ्या रेघांवर आतून पातळ कापडाची एक जास्तीची पट्टी लावा, कारण सगळं वजन तिथेच येतं. डिंक पातळ, आणि चिकटवल्यावर रात्रभर वजनाखाली. चतुष्फलक एकेक करून बंद करा, कडं सर्वात शेवटी. शेवटचा सांधा लावण्याआधी साखळी दोन्ही हातांनी उलटवून बघा. तिथे अडत असेल तर बंद केल्यावर नक्की अडणार.

लेझर कटिंगवाल्याकडे फाईल द्यायची तर डीएक्सएफ द्या, रेघा एकेरी असल्याची खात्री करून. त्याच्या मशीनची किरणाची रुंदी विचारा आणि त्रिकोण तितक्याने वाढवून घ्या. एमडीएफच्या कडा जळून काळ्या होतात, कापडाआड त्या दिसत नाहीत.

राहिली मोटर. हलत्या देखाव्यांना वापरतात ती हळू फिरणारी गिअरची मोटर एका बिजागरीवर बसवून काम होईल असं वाटतं. होत नाही. बिजागरी ६० आणि ३०० च्या मधे झुलते, हे जिओजेब्रात पाहिलंच. टोकाला पोचली की ती क्षणभर थांबते आणि परत फिरते, आणि त्या क्षणी कड्याला पुढे जायचं की आल्या वाटेने मागे, हे ती ठरवू शकत नाही. तेव्हा शेजारची बिजागरी मात्र मधल्या १८० वर, पूर्ण वेगात असते. म्हणून शेजारच्या दोन बिजागऱ्यांवर दोन सर्व्हो (दिलेल्या कोनाला जाऊन थांबणाऱ्या मोटरी) हवेत, पाव फेरीच्या अंतराने चालणारे. वाफेच्या इंजिनाच्या डाव्या-उजव्या दांड्या ठेवतात तसे. दोघांना द्यायचे कोन पायथनमधून दर अंशाला काढून तक्ता करून घ्या. सर्व्होला २४० अंशांचा झोका लागतो, बाजारात सहज मिळणारे बरेचसे १८० चे असतात, तेव्हा विकत घेण्याआधी विचारा. आणि कडं कुठेही पक्कं ठोकू नका: बिजागरीचा मध्य आतबाहेर सरकतो, पाया ६० चा असेल तर ३० मिमी, २४० चा असेल तर १२० मिमी. तीन दोऱ्यांवर सैल टांगा, एकाआड एक तीन बिजागऱ्यांच्या मध्याला, आणि दोऱ्या वरच्या बाजूला भरपूर लांब ठेवा.